आय-लाइन स्टेपर: दहाव्या वेफरनंतर फोकस सरकतो, लेन्स पुसावी का?

निखिल_बंगळुरू:
आमच्या लॅबमध्ये जुना आय-लाइन स्टेपर (वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, प्रकाशानं चिपची नक्षी छापणारं मशीन) आहे, तरंगलांबी ३६५ नॅनोमीटर, एनए (लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश घेते तो आकडा) ०.६. सकाळचे पहिले चार-पाच वेफर सुरेख येतात. दहाव्याच्या पुढे ०.७ मायक्रॉनच्या रेषांच्या कडा ढिसाळ होतात. रेझिस्ट (वेफरवरचा प्रकाशसंवेदी लेप), डेव्हलपर, हॉटप्लेट सगळं तपासून झालं. सरांचं मत पडलं की लेन्सची खालची काच पुसून घ्यावी. कोणी केलंय का?

प्रसाद_फॅब:
हवेच्या दाबाची नोंद ठेवता का? दाब बदलला की हवेचा अपवर्तनांक बदलतो आणि फोकस हलतो. बंगळुरू ९०० मीटरवर आहे. मशीन आधी समुद्रसपाटीला असेल तर तिथले आकडे तुमच्याकडे चालणार नाहीत.

वैशाली_सिंचू:
निखिल, काचेला हात लावू नकोस, कळकळीनं सांगते. अठरा वर्षं मी स्टेपरच्या सर्व्हिसला होते. एका ठिकाणी कोणीतरी खालची काच कोरड्या कापडानं पुसली आणि कोटिंगवर ओरखडे आले. त्यानंतर विखुरलेला प्रकाश इतका वाढला की रेषांमधला काळोख उरलाच नाही. ती लेन्स पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

प्रसादचा मुद्दा बरोबर आहे, पण उंचीमुळे येणारा फरक कायमचा असतो, एकदा दुरुस्त केला की झालं. तुझा त्रास वेफरागणिक वाढतोय. लेन्स तापतेय. काच थोडा प्रकाश शोषते, गरम होते, तिचा अपवर्तनांक बदलतो. तुझ्याकडे फोकसला जागा तरी किती? तरंगलांबी भागिले एनएचा वर्ग, ०.३६५ भागिले ०.३६, म्हणजे जेमतेम एक मायक्रॉन, वरखाली अर्धा-अर्धा. त्यात वेफरचा सपाटपणाही बसवायचा.

आता सांग, सगळ्याच रेटिकलवर (छापायच्या नक्षीच्या काचेच्या पाटीवर) असं होतं का?

निखिल_बंगळुरू:
नाही! कॉन्टॅक्ट होलच्या, म्हणजे बहुतेक काळ्या आणि बारीक भोकांच्या, रेटिकलवर पंचवीस वेफर नीट जातात. हे नवं रेटिकल बहुतेक पारदर्शक आहे.

वैशाली_सिंचू:
हेच हवं होतं. होलच्या रेटिकलमधून लेन्समध्ये फार थोडा प्रकाश जातो, नव्यातून कितीतरी पट. बऱ्याच मशीनमध्ये ताप भरून काढणारी दुरुस्ती असते. ती रेटिकलमधून किती टक्के प्रकाश जातो या आकड्यावर चालते. तुझी जॉब फाइल (मशीनला दिलेली सेटिंग) जुन्या होलच्या फाइलची कॉपी आहे का, ते बघ.

मग असं कर: मशीन रात्रभर थंड ठेव. सकाळी एक फोकस-एक्स्पोजर मॅट्रिक्स काढ, म्हणजे एकाच वेफरवर फोकस आणि प्रकाशाची मात्रा पायरीपायरीनं बदलत छाप. अर्धा तास डमी वेफरवर सलग एक्स्पोजर दे, लगेच दुसरा काढ. शटर बंद ठेवून दर दहा मिनिटांनी आणखी काढत राहा. फोकस हळूहळू मूळ जागी परतला तर दोष तापण्याचा, मळाचा नाही. मळ थंड झाल्यावर जात नाही.

प्रसाद_फॅब:
०.७ मायक्रॉनच हवं असेल तर एनए ०.५ वर आणा. फोकसची जागा जवळजवळ दीड मायक्रॉन होते.

वैशाली_सिंचू:
मशीनमध्ये सोय असेल तर जरूर. पण आधी मोजमाप. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळणार नाही.

निखिल_बंगळुरू:
आज केलं. गरम असताना फोकस ०.४ मायक्रॉन सरकला होता, चाळीस मिनिटांत परत आला. आणि ताई, फाइल कॉपीच होती. प्रकाशाचा आकडा ८ टक्के, रेटिकल मात्र ७५ टक्के पारदर्शक. आकडा बदलला. पंधरावा वेफर आत्ता डेव्हलप होतोय.