तारकर्ली-देवबागचं बुकिंग: रिव्ह्यूंवर किती विसंबायचं?

मीठभाकर:
दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली-देवबागला तीन रात्री राहायचा बेत आहे. आम्ही सहा जण: चार मोठे, त्यात सत्तरी ओलांडलेले आईवडील, आणि दोन मुलं. दोन जागा नजरेत आहेत. पहिली देवबागला, गुगलवर ४.८, पण रिव्ह्यू जेमतेम ९० आणि सगळे गेल्या सहा-सात महिन्यांतले. दुसरी तारकर्लीत, ४.१, रिव्ह्यू हजाराच्या घरात, त्यात एक तारा देणारेही बरेच. दुसरी बुकिंग डॉट कॉमवरही आहे, तिथे दहापैकी ७.६ दिसतात. दर जवळजवळ सारखेच. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने चालणार नाहीत, आणि कमोड व गरम पाणी हवंच. दोन्हीकडे अ‍ॅडव्हान्स मागतात आणि तो परत मिळत नाही असं सांगतात. पैसे भरायच्या आधी या रिव्ह्यूंवर किती भरवसा ठेवावा? आणि ते वाचायचे कसे?

वाटाड्या:
आधी सरासरीचा आकडा बाजूला ठेवा, कारण ४.८ आणि ४.१ ची थेट तुलना होत नाही. एखाद्या जागेचे रिव्ह्यू ४० असतील आणि सरासरी ३.८, तर पाच तारेवाले फक्त २० रिव्ह्यू मिळाले की ती ४.२ वर जाते. हेच रिव्ह्यू २०० असतील तर १०० लागतात, १००० असतील तर ५००. कमी रिव्ह्यू असलेल्या जागेचा आकडा एका आठवड्यात बदलता येतो. हजारवाल्याचा तसा हलवता येत नाही, पण तिथे उलटी अडचण असते: चार-पाच वर्षांपूर्वीची घाण किंवा तेव्हाची चांगली सेवा, दोन्ही त्या सरासरीत मुरलेली असतात.

मग कोण लिहू शकतं ते पाहा. गुगलवर खातं असलेला कोणीही लिहू शकतो, तिथे राहिल्याचा पुरावा लागत नाही. ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरही बुकिंगची अट नाही. बुकिंग डॉट कॉमवर त्यांच्यामार्फत बुकिंग केलेल्यालाच लिहिता येतं, आणि ३६ महिन्यांपेक्षा जुने रिव्ह्यू काढून टाकले जातात. म्हणून तुमच्या दुसऱ्या जागेचे ७.६ हे त्याच जागेच्या गुगलवरच्या ४.१ पेक्षा जास्त कामाचे आहेत. ते उघडून स्वच्छता, सोयी आणि ठिकाण यांचे वेगवेगळे गुण बघा. ठिकाणाला ९ आणि स्वच्छतेला ६.५ असेल तर एकूण आकडा समुद्राने वर उचललेला आहे, खोलीने नाही.

आता गुगल मॅप्सवर. रिव्ह्यू उघडले की ते ‘सर्वात संबंधित’ या क्रमाने दिसतात. तो बदलून ‘सर्वात नवीन’ करा आणि पहिले तीस-चाळीस सलग वाचा. मग ‘सर्वात कमी रेटिंग’ लावून वाचा. त्यानंतर भिंगाच्या चिन्हावर जाऊन तुमच्या गरजेचे शब्द शोधा: जिना, पायऱ्या, कमोड, गरम पाणी, लाइट, जनरेटर, खारं पाणी. प्रत्येक शब्द देवनागरीत एकदा आणि रोमन अक्षरांत एकदा टाका, इंग्रजी शब्दही टाका. आपल्याकडची बरीच मंडळी मराठी रोमन अक्षरांत लिहितात, ते रिव्ह्यू देवनागरी शोधात येतच नाहीत.

मोसमाचं लक्षात ठेवा. ‘सहा-सात महिन्यांतले’ म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतले आणि पावसाळ्यातले. त्या जागेने दिवाळीची गर्दी अजून पाहिलेलीच नाही. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसरीकडे कर्ली खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात विहिरी खाली गेल्यावर पाणी मचूळ लागतं, नोव्हेंबरात तोच त्रास कमी असतो. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, त्यामुळे ‘करायला काहीच नाही’ ही जुलैतली तक्रार तुमच्यासाठी बाद. दुसऱ्या जागेचे मात्र मागच्या नोव्हेंबर ते जानेवारीतले रिव्ह्यू शोधून काढा. गुगल जुन्या रिव्ह्यूवर नुसतं ‘एक वर्षापूर्वी’ लिहितं. महिना कळायला पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडा, त्यांच्यावर महिना आणि वर्ष असतं.

खाडीकाठ:
वरचं सगळं बरोबर. हॉटेल व्यवसायाच्या आतल्या बाजूने थोडी भर घालतो.

पाच तारे गोळा कसे होतात? चेकआउटच्या वेळी काउंटरवर क्यूआर कोड पुढे केला जातो. कुठे एक सोलकढी फुकट, कुठे दोन तास उशिरा खोली सोडायची मुभा. काही ठिकाणी रिव्ह्यूमध्ये ज्या कर्मचाऱ्याचं नाव येईल त्याला बक्षीस असतं. म्हणून एकाच नावाच्या वेटरचं कौतुक ओळीने दहा जणांनी केलेलं दिसलं की समजायचं, ती माणसं खरी, राहिलीही असतील, पण लिहून घेतलेलं आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं गुगलच्या नियमात बसत नाही, तरी ते सर्रास चालतं. असे रिव्ह्यू खोटे नसतात, फक्त अर्धे असतात: बाथरूमच्या उंबऱ्याबद्दल तिथे कोणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या किनाऱ्यावर कितीतरी जागा मालक दुसऱ्याला चालवायला देतात. करार संपला की चालवणारा बदलतो, आचारी बदलतो, पण गुगलवरचं पान, जुने तारे आणि जुने फोटो तेच राहतात. नवीन रिव्ह्यूंमध्ये ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ किंवा ‘नवीन मॅनेजमेंट’ असे शब्द दोन-तीनदा आले तर त्याआधीचं सगळं रद्द समजा. उलटही होतं: जुने एक तारेवाले एका काळात एकवटलेले असतील आणि नंतर ओघ सुधारला असेल, तर जागा बहुधा हात बदलून नीट झाली आहे.

एक ताऱ्याचे रिव्ह्यू वाचताना राग कशाचा आहे ते बघा. सुरमई थाळी महाग, समुद्रात खोल जाऊ दिलं नाही, बारा वाजता दारू आणून दिली नाही, यावर तारे कापलेले असतील तर सोडून द्या. सवलत दिली नाही तर एक तारा टाकू असं धमकावणारे पाहुणेही असतात. मात्र ओल, वास, चादरी, फ्लश, लाइट गेल्यावर एसी बंद, हे वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर ते खरंच आहे. घरगुती इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात, एसी नाही. ‘पॉवर बॅकअप आहे’ याचा अर्थ आधी विचारून घ्या.

मालकाची उत्तरंही वाचा. सगळ्यांना एकच छापील ‘धन्यवाद, पुन्हा या’ असेल तर त्यातून काही कळत नाही. ‘गीझर बदलला, आता चार खोल्यांना वेगळा दिला आहे’ असं उत्तर देणारा माणूस तक्रार वाचतो.

आणि ‘बीच टच’. त्यात कुंपणाबाहेर वाळू असण्यापासून रस्ता ओलांडून माडाच्या बागेतून दहा मिनिटं चालण्यापर्यंत काहीही येतं. मॅप्सवर उपग्रहाचं दृश्य लावा आणि गेटपासून वाळूपर्यंतचं अंतर मोजा. फोनवर नकाशावर बोट दाबून धरलं की खूण पडते, तिथून ‘अंतर मोजा’ हा पर्याय मिळतो. वडिलांना चालायला लावायचं नसेल तर हे कराच.

मीठभाकर:
दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे बसून वाचलं. तारकर्लीच्या जागेचे एक तारेवाले बहुतेक दोन विषयांवर आहेत: जेवण उशिरा येतं आणि जादा गादीचे पैसे. ओलीची तक्रार आहे, पण ती जुनी, गेल्या वर्षभरात एकही नाही. देवबागच्या ९० पैकी निम्म्याहून जास्त खात्यांवर हा एकच रिव्ह्यू दिसतो. म्हणजे ते बनावट धरायचे का?

सुरंगी:
नाही, एवढ्यावरून धरू नका. इथे वरच्या प्रतिसादांपेक्षा माझं मत थोडं वेगळं आहे. घरगुती निवासात मालकीण निघताना लिंक पाठवते, आणि एरवी कधीही रिव्ह्यू न लिहिणारी काकू तिच्या प्रेमाखातर आयुष्यातला पहिला रिव्ह्यू लिहिते. छोट्या जागांच्या बाबतीत एकच रिव्ह्यू असलेलं खातं हा गुन्हा नाही. आठ खोल्यांच्या नव्या जागेला हजार रिव्ह्यू कुठून येणार?

संशय घ्यायचा तो पुढच्या गोष्टी एकत्र दिसल्या तर. दोन-तीन दिवसांत वीस रिव्ह्यू आणि मग महिनाभर शांतता. हॉटेलचं पूर्ण नाव गावासकट प्रत्येक रिव्ह्यूत. खातं उघडून पाहिलं तर आदल्या दिवशी दुसऱ्या राज्यातलं सलून, त्याच दिवशी तिसऱ्या शहरातली फर्निचरची दुकानं, सगळ्यांना पाच. आणि एकही फोटो नाही. खरा पाहुणा जेवणाच्या ताटाचा, मुलांचा, खिडकीतून दिसणाऱ्या वाळत घातलेल्या टॉवेलांचा फोटो टाकतो. मजकुरात तपशील असतो: कोणत्या खोलीत आवाज येतो, आंबोळी होती की पोहे, गाडी कुठे लावली. विकत घेतलेल्या रिव्ह्यूत नुसती विशेषणं असतात.

बनावट वाईट रिव्ह्यूही असतात, हे विसरू नका. २०१४ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी एकाच हॉटेलचे ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरचे आणि एक्सपीडिया या बुकिंगच्या साइटवरचे रिव्ह्यू ताडून पाहिले. एक्सपीडियावर तेव्हा तिथून बुकिंग केलेल्यालाच लिहिता यायचं. ज्या हॉटेलच्या शेजारी स्वतंत्र मालकीचं दुसरं हॉटेल होतं, त्याच्यावर ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर टीका जास्त निघाली. म्हणजे जिथे कोणालाही लिहिता येतं तिथे शेजारीही लिहितो. तारकर्लीत तर भिंतीला भिंत लागून स्पर्धा आहे.

एअरबीएनबीवर जागा शोधाल तर तिथली भाषा वेगळी वाचावी लागते. पाहुणा आणि यजमान दोघेही एकमेकांबद्दल लिहितात. मुदत १४ दिवसांची, आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच ते दिसतं. त्यामुळे पाहुणे सौम्य लिहितात. ‘दराच्या मानाने ठीक’, ‘साधी पण छान’, ‘स्वतःची गाडी असेल तर उत्तम’ ही तिथली तक्रारच समजा. काय लिहिलेलं नाही तेही बघा: मालक प्रेमळ, जेवण घरचं, आणि खोलीबद्दल चाळीस जणांत कोणी अवाक्षर काढत नाही, तर खोली यथातथाच असणार.

देवबागची जागा मी एवढ्यावर नाकारणार नाही. पण पाहुण्यांच्या फोटोंत खालच्या मजल्यावरची खोली आणि बाथरूम दिसत नसेल, तर व्हिडिओ कॉल करून गेटपासून खोलीपर्यंत आणि बाथरूमच्या आतपर्यंत चालत दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. जो दाखवायला टाळतो त्याला पैसे पाठवू नका.

पावती हवी:
पैशांची बाजू राहिली, आणि नुकसान खरं तिथेच होतं.

गुगलच्या पानावरचा फोन नंबर खराच असेल असं नाही. पानात बदल कोणालाही सुचवता येतो, आणि प्रसिद्ध ठिकाणांच्या नावाने बनावट पानं व संकेतस्थळं निघतात. तीर्थक्षेत्रांच्या भक्तनिवासांच्या नावाने अशी फसवणूक इतकी वाढली की एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने सावधगिरीची सूचना काढली. पानावरचा नंबर, बुकिंगच्या साइटवरचा नंबर आणि पाहुण्यांच्या फोटोत दिसणाऱ्या पाटीवरचा नंबर जुळतो का ते पाहा. यूपीआयने पैसे भरताना पिन टाकण्याआधी ज्याच्या खात्यात जाणार त्याचं नाव दिसतं. ते मालकाचं किंवा हॉटेलचं नसेल तर थांबा आणि विचारा. ‘चुकून जास्त आले, परत पाठवतो, पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

कायद्याबद्दल: ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक म्हणून. त्याच्या भरवशावर राहू नका. रील पाहून जागा निवडत असाल तर एक माहीत असू द्या: फुकट मुक्काम मिळाला असेल तर तसं स्पष्ट सांगावं, असं जानेवारी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. तसा उल्लेख शोधा. कबूल केलेली खोली दिलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथे रिव्ह्यू नाही, लेखी संभाषण आणि पैसे भरल्याचा पुरावा कामी येतो.

मीठभाकर:
हॉटेलवाल्यांना नेमकं काय लिहून विचारू? मसुदा कोणी देईल का?

खाडीकाठ:
हा घ्या, दोन्हीकडे जसाच्या तसा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा:

‘नमस्कार. दिनांक अमुक ते अमुक, तीन रात्री, चार मोठे, दोन मुलं (वयं लिहा). दोन खोल्या, पैकी एक तळमजल्यावर हवी. गेटपासून त्या खोलीपर्यंत आणि जेवणाच्या जागेपर्यंत किती पायऱ्या आहेत? बाथरूममध्ये कमोड आणि गीझर आहे का, गरम पाण्याला वेळेचं बंधन आहे का? लाइट गेल्यावर एसी चालतो की फक्त पंखा? पिण्याचं पाणी कोणतं? दर करासह किती, नाश्ता धरून का, जादा गादीचे किती? मुलांचे जेवणाचे पैसे कसे? अ‍ॅडव्हान्स किती, आणि पंधरा दिवस आधी रद्द केलं तर किती परत? कृपया खोलीचा क्रमांक आणि तिचे आजचे फोटो पाठवा.’

फोनवर उत्तर दिलं तर ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे’ असं म्हणून तुम्हीच सगळं टाइप करून पाठवा आणि त्यांच्याकडून ‘होय’ लिहून घ्या. दिवाळीची गर्दी जवळ आली की तळमजल्यावरच्या खोल्या आधी जातात, तेव्हा हे आज-उद्यात उरका. जेवण उशिरा येण्याबद्दल तारकर्लीवाल्यांना सकाळीच रात्रीची ऑर्डर आणि वेळ सांगून ठेवली की बराचसा त्रास वाचतो. मासे ताजे आणून करायचे असतात, त्यांनाही ते सोयीचं पडतं.