सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही; बॅटरी बदलली तरी गाडी जागेवरच

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तीन वर्षांपूर्वी तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले आहे. रंकाळ्याजवळच्या घरापासून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीपर्यंत रोज जाणे-येणे असते. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तेव्हा सेल्फ नेहमीच्याच जोरात आणि नेहमीच्याच आवाजात फिरला, परंतु इंजिनाने एकदाही पकडले नाही. त्याआधीचे दोन आठवडे सकाळच्या पहिल्या वेळी दोन-तीनदा किल्ली फिरवावी लागत होती. एकदा गाडी सुरू झाली की दिवसभर काहीच तक्रार नसे.

गल्लीतल्या मिस्त्रींनी प्रथम बॅटरी बदलायला लावली, नंतर चारही प्लग बदलले, आणि आता ते ‘ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेला असावा’ असे म्हणत आहेत. त्याचा खर्च ऐकून मी थांबलो आहे. चार दिवस संततधार होती, पण गाडी पाण्यात उभी नव्हती. गाडी जवळजवळ पूर्णपणे गॅसवरच चालत असल्याने पेट्रोलचा फारसा संबंध येत नाही आणि काटा कायम तांबड्या रेषेजवळच असतो. टोचन करून मोठ्या वर्कशॉपला नेण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल?

उद्यमनगरचा फिटर

साहेब, पेट्रोलचा फारसा संबंध येत नाही हे जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, तेथूनच सुरुवात करावी लागेल. सिक्वेन्शियल किटची गाडी थंड असताना पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन ठरावीक तापमानाला आले की आपोआप गॅसवर जाते. थेट गॅसवर सुरू होणाऱ्या गाड्याही आहेत, पण बाहेरून बसवलेल्या किटमध्ये त्या क्वचितच दिसतात. म्हणजे दिवसभर गॅसवर पळणाऱ्या तुमच्या गाडीचा रोजचा पहिला श्वास पेट्रोलचाच असतो, आणि पेट्रोलचा पंप बिघडला तर टाकीत कितीही गॅस भरलेला असला तरी ती सकाळी उठणार नाही.

बॅटरीवर संशय घेण्याचे कारणच नव्हते. बॅटरी उतरली असती तर सेल्फ कण्हत फिरला असता किंवा नुसता ‘टक टक’ वाजला असता. उलट टायमिंगचा पट्टा तुटला किंवा साखळी घसरली असती, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) नसल्यामुळे सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला असता. आवाज नेहमीचाच आहे हे तुम्ही स्वतः लिहिले आहे, ते फार उपयोगाचे आहे. राहतात दोनच गोष्टी: ठिणगी आणि इंधन. पार्ट बदलत बसण्याऐवजी या दोहोंपैकी कोणती नाही, एवढेच आधी ठरवायचे.

रेडिओ आणि पंखा बंद करून, कोणाला तरी मागच्या सीटजवळ कान देऊन बसवा आणि किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा. सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो आवाज पेट्रोलच्या पंपाचा; तो तेव्हा लाइनमध्ये दाब तयार करत असतो. ऐकू आली नाही तर पंपाचा फ्यूज पाहा, आणि फ्यूज शाबूत असेल तर पंपाच्या रिलेच्या (वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) जागी हॉर्नचा रिले लावून पाहा, मात्र दोन्हींवरचा क्रमांक एकच असला पाहिजे.

त्यानंतरची चाचणी फक्त गॅसच्या गाडीवाल्यालाच करता येते. बऱ्याच किटमध्ये डॅशवरचे बटण दाबून धरून किल्ली ऑन केली की थेट गॅसवर सुरू करण्याची सोय असते; पद्धत किटच्या पुस्तिकेत पाहून घ्या. गाडी तशी सुरू झाली, तर ठिणगी, सेन्सर, कॉम्प्रेशन आणि तो बिचारा ईसीएम हे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरतात. गाडी उघड्यावर ठेवूनच हे करा. गॅसचा वास येत असेल तर अजिबात करू नका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

कागलकर

वरील उत्तराबद्दल आदर राखून सांगतो, पंपावर इतक्या लवकर शिक्का मारू नये. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून परतताना माझी गाडी महामार्गावर अचानक बंद पडली. सेल्फ उत्तम फिरत होता, पण ती अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर सुरू झाली. दोष क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचा निघाला आणि स्कॅनरवर पी०३३५ हा कोड आला होता. हा सेन्सर गेला की इंजिन फिरते आहे हे ईसीएमला कळतच नाही, त्यामुळे तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही देत नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित उचलतो की शून्यावरच पडून राहतो, ते पाहावे. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (किल्ली ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने) गाडी अडवून ठेवलेली असू शकते. अशा वेळी दुसरी किल्ली वापरून पाहावी.

उद्यमनगरचा फिटर

कागलकरांचा काट्याचा मुद्दा रास्त आहे, जरूर पाहावा. काही गाड्यांत सेन्सर चांगला असूनही सेल्फवर काटा हलत नाही, तेव्हा न हललेल्या काट्यावरून निकाल देऊ नये. हलला तर मात्र सेन्सरची खूण मिळाली. तापल्यावर बंद पडणे ही सेन्सरची सवय. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी कुरकुरणे ही दाब गळणाऱ्या पंपाची. दोन-तीनदा किल्ली फिरवली की दर वेळी पंप थोडा दाब भरतो, म्हणून ते दोन आठवडे निभावले.

रंकाळाकाठ

आज सकाळी सर्व काही करून पाहिले. सेल्फ मारताना काटा दोनशेच्या आसपास थरथरला आणि किल्लीचा दिवा नेहमीप्रमाणे विझला. मागच्या सीटखाली मात्र पूर्ण शांतता होती. फ्यूज चांगला आहे. हॉर्नचा रिले लावूनही गुणगुण आली नाही, आणि पंपाचा रिले लावल्यावर हॉर्न वाजला. त्यानंतर गॅसवर दुसऱ्याच प्रयत्नात इंजिन सुरू झाले, आणि बटण दाबून पेट्रोलवर आणताच काही क्षणांत बंद पडले. आता पंप मागवू का?

उद्यमनगरचा फिटर

अजून नको. पंप मेला आहे, की त्याच्यापर्यंत वीजच पोहोचत नाही, हे ठरायचे आहे. मागची सीट उचला, पंपाच्या झाकणावरचा कनेक्टर काढा आणि त्याच्या पंपाकडे जाणाऱ्या दोन जाड तारांना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. जोडणी किल्ली ऑन करण्यापूर्वीच घट्ट करा, दारे उघडी ठेवा, आणि पेट्रोलचा वास असेल तर थांबा. नुसत्या मीटरवर विसंबू नका: गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण भार पडला की तीच वीज गळपटते. किल्ली ऑन केल्यावर बल्ब दोन-तीन सेकंद लख्ख पेटला तर दोष पंपाचा. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर तार किंवा अर्थिंग तपासा. उसाच्या फडांजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या तारा मी इतक्या पाहिल्या आहेत की, ही शक्यता विचारात घेतल्याशिवाय मी कोणाला पंप विकत घ्यायला सांगत नाही.

रंकाळाकाठ

बल्ब लख्ख पेटला. काल तुमच्याच भागातल्या एका फिटरकडून पंप बाहेर काढून घेतला. खालची जाळी गाळाने काळी पडली होती आणि मोटर जाम झाली होती. नवा पंप आणि जाळी बसवली, टाकी धुऊन घेतली. पहिल्याच सेल्फला इंजिनाने पकडले. गाडी जर गॅसवरच चालत होती, तर पंप झिजला कशाने, हे मात्र अजून समजलेले नाही.

उद्यमनगरचा फिटर

पुष्कळ गाड्यांत गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो. फक्त इंजेक्टर बंद असतात. टाकीतल्या पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलच पुरवते. तुम्ही पेट्रोल वाचवत होता तेव्हा तो कोरडा तापत होता, आणि तळाला साचलेला गाळ ओढत होता. शिवाय हल्लीच्या पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल ओलावा धरते, त्यामुळे तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. पाव टाकी कायम ठेवा आणि आठवड्यातून एकदा गोकुळ शिरगावची एक फेरी पेट्रोलवर करा. गॅसवर असताना पंप बंद ठेवणारा रिले तुमच्या गाडीला बसवता येईल का, हे किट बसवणाऱ्यालाच विचारा. वायरिंगला स्वतः हात लावू नका.

रंकाळाकाठ

आभारी आहे, फिटरसाहेब. कागलकर, तुमचेही. जुनी बॅटरी नव्याच्या बदल्यात देऊन बसलो आहे. ती परत मिळते का, ते पाहायला उद्या दुकानात जातो.