बीएमआय नॉर्मल असला तरी कंबर मोजाच
बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२, म्हणजे नॉर्मल आला की टेन्शन नाही, असं कुणी म्हटलं की मला अजिबात पटत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो बघा, दोघांचा बीएमआय सेम २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! माझे बाबा कायम ६२ किलो, हातपाय काडीसारखे, त्यामुळे शुगर तपासायचं कुणाला सुचलंच नाही, निघाली तेव्हा कंबर भरली ९४ सेंमी. आणि पँटचा नंबर धरू नका हो, पँट पोटाखाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमीच्या आत हवी.