आयल ऑफ वाइट: शँक्लिनची वाळू की कॉम्प्टनचे कडे?

सोलेंटपार (धागाकर्ता)
उन्हाळा आला की इकडे इंग्लंडातल्या मराठी ग्रुपांवर तोच प्रश्न, आयल ऑफ वाइटला (दक्षिण किनाऱ्यासमोरचं बेट) चाललोय, कुठला बीच करू, आणि उत्तरंही तीच, सँडाउन, शँक्लिन, राइड, फार तर ॲलम बेची रंगीत वाळू. मला हे अजिबात पटत नाही म्हणून हा धागा. फेरीबोटीला एवढे पैसे मोजायचे (ऑगस्टातल्या शनिवारी गाडी न्यायची असेल तर रेट बघूनच घाम फुटतो) आणि पलीकडे जाऊन परत पियर (समुद्रात गेलेला लांब धक्का), चिप्स आणि क्रेझी गोल्फच? ते ब्राइटनला आणि बोर्नमथला आहेच की.

एकच दिवस असेल तर नैऋत्येला कॉम्प्टन बे गाठा. एकीकडे तांबूस-करड्या मातीचे कडे, पश्चिमेला खडूचा पांढराशुभ्र डोंगर, मधे लांबच लांब वाळू आणि मागे एकही हॉटेल नाही, जागा नॅशनल ट्रस्टची (निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारी संस्था) आहे. ओहोटीला हॅनोवर पॉइंटकडे चालत जा, तिथे डायनासोरच्या पावलांचे दगड पडलेत. म्हणजे खड्डे शोधू नका. साडेबारा कोटी वर्षांपूर्वी इग्वानोडॉनसारखा प्राणी चिखलातून गेला, पावलाच्या खड्ड्यात वाळू भरली, तिचा दगड झाला, आता भोवतालची माती धुऊन गेली आणि तीन जाड बोटांचा तो दगड तेवढा उरला. शेवाळ चढलेलं असतं त्यामुळे आधी काहीच दिसत नाही, पण एक दिसला की मग दिसतच जातात. असं इंग्लंडात दुसरीकडे कुठे फुकट बघायला मिळतं सांगा.

वडापाव_हॅम्पशायर
तीव्र असहमत. तुम्ही दोघंच जाणार असाल तर ठीक आहे हो. माझ्याबरोबर भारतातून आलेले सासू-सासरे, प्रॅममधलं पोरगं आणि डब्यांची पिशवी असते. कॉम्प्टनला कड्यावरून खाली उतरायचं, दरड कोसळली की पायऱ्यांची वाट लागते, वर वारा असा की चटई पसरू देत नाही. सासूबाई म्हणाल्या असत्या यासाठी आणलं होय इतक्या लांब.

शँक्लिनला काय वाईट आहे? वॉटरलूहून पोर्ट्समथ हार्बर, तिथून बोटीने वीसेक मिनिटांत राइड पियर, पियरच्या टोकावरच ट्रेन उभी, अर्ध्या तासात शँक्लिन. गाडी लागतच नाही. आणि ते डबे म्हणजे आपल्या लंडन अंडरग्राउंडच्या जुन्या डिस्ट्रिक्ट लाइनचे, २०२१ पासून तिथे धावतायत, त्याच्या आधी तर १९३८ च्या ट्यूब होत्या. सासरे ट्रेनवरच खूश होते. बीचवर सपाट वाळू, हाताशी टॉयलेट, चहा, सावली. कड्यावरून खाली यायला लिफ्ट पण आहे, चालू आहे का तेवढं बघून जा.

आणि डायनासोरच हवेत तर सँडाउनच्या पुढे यॅव्हरलँड आहे ना! तिथे पण जीवाश्म मिळतात आणि डायनासोर आयल म्युझियम रस्त्यालाच आहे. पाऊस आला की आत शिरायचं. कॉम्प्टनला पाऊस आला की कुठे शिरणार, इग्वानोडॉनच्या पोटात?

सोलेंटपार
वडापावराव, तुम्ही सोय सांगताय, मी बीच सांगतोय. सोयच बघायची तर स्विमिंग पूलला जा की. गाडीशिवाय कॉम्प्टन होत नाही असंही नाही, उन्हाळ्यात आयलंड कोस्टर बस त्याच रस्त्याने जाते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर तो रस्ता हीच अर्धी ट्रिप आहे. कड्याच्या इतक्या काठाने जातो की काही वर्षांनी तो राहील का हाच तिथे वादाचा विषय आहे. कड्याखाली चटई टाकू नका हे मात्र खरंच सांगतो, माती कधीही घसरते.

खारे_शेंगदाणे
राइडबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून. तिथे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की अर्ध्या मैलाचा पियर कोरड्या वाळूवर उभा असल्यासारखा दिसतो. पोरांना पळायला बेस्ट. पोर्ट्समथच्या साउथसीहून होवरक्राफ्ट (हवेच्या गादीवर तरंगणारी बोट) दहा मिनिटांत येतं आणि सरळ वाळूवर चढतं, पोरांना बीचपेक्षा त्याचंच कौतुक. पण अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन भरतीत अडकणारे असतात ना, तीच गत इथे होते. पाणी समोरून येताना दिसतं तोवर मागच्या खोलगट भागात शिरलेलं असतं. टाइड टेबल बघितल्याशिवाय लांब जायचं नाही, विषय संपला.

निवांत_निळू
दोघांचंही चुकतंय. व्हेंटनर! मागे उंच डोंगर, तोंड दक्षिणेला, त्यामुळे उत्तरेचा वारा लागत नाही. एप्रिलमध्ये बाकी बेटावर जॅकेट आणि इथे लोक टी-शर्टवर. उगाच नाही तिथे १८६९ पासून जवळजवळ शंभर वर्षं छातीच्या रोग्यांचं मोठं हॉस्पिटल होतं, आता त्याच जागेवर बोटॅनिक गार्डन आहे. तिथून किनाऱ्याच्या वाटेने स्टीपहिल कोव्हला जा. गाडी जात नाही म्हणूनच छान राहिलंय. खेकड्याची पॅस्टी (सारण भरलेली भाजलेली करंजी) घ्या आणि बसा गप्प.

वडापाव_हॅम्पशायर
व्हेंटनरला खडे आहेत हो सगळे. पोरं वाळूचा किल्ला कशाचा करणार? आणि घरचे शाकाहारी, त्यांनी खेकड्याकडे बघत बसायचं का?

इतिहासाचा_किडा
ऑस्बोर्न विसरलात. व्हिक्टोरिया राणीचा खाजगी बीच, २०१२ पासून सर्वांना खुला. ती पाण्यात उतरायची ती चाकांवरची खोली अजून ठेवलीय, रुळांवरून तिच्यासकट पाण्यात सोडायचे म्हणजे बाईंना कुणी बघायला नको. वर वाड्यात दरबार रूम बघाच, लाहोरच्या भाई राम सिंग यांनी डिझाइन केलेली, १८९०-९१ सालची. राणी एकदाही हिंदुस्थानात आली नाही, तिने हिंदुस्थानच घरात बांधून घेतला. पांढरं नक्षीकाम बघून मान दुखते.

सोलेंटपार
दरबार रूमला +१, पण म्हणून तो बीच बेस्ट कसा झाला? छोटासा आहे, आणि वाड्याचं तिकीट काढल्याशिवाय जाता येत नाही. समुद्राला पैसे लावणं मला तरी सोसत नाही.

वडापाव_हॅम्पशायर
कॉम्प्टनला पार्किंगचे पैसे भरता तेव्हा सोसतं वाटतं? 😀

सोलेंटपार
मी नॅशनल ट्रस्टचा मेंबर आहे, मला फुकट आहे.

मिरची_मावशी
ॲलम बेला एवढी नावं का ठेवताय? पोरांनी काचेच्या बाटलीत रंगाचे थर भरले, चेअरलिफ्टने खाली गेलो, समोर नीडल्सचे तीन सुळके आणि दीपगृह. चौथा सुळका होता तो १७६४ च्या वादळात पडला म्हणे, आणि सुईसारखा तोच होता! कड्यातली वाळू आपण काढायची नाही, दुकानातली भरायची, हे खरंय. दुकानदारी आहे, मान्य. पण दोन तास मजेत जातात, तेवढं पुरे की.

नवीन_भिडू
सगळं वाचलं, अजून गोंधळलो. दोन मुलं (५ आणि ९), गाडी नाही, लंडनहून एका दिवसात परत. कुठे जाऊ?

वडापाव_हॅम्पशायर
शँक्लिन. डोळे मिटून.

सोलेंटपार
ओहोटी किती वाजता आहे ते आधी बघ. दुपारी बाराच्या आसपास असेल तर कॉम्प्टन, नऊ वर्षांचा तिथून निघायचंच नाव घेणार नाही. संध्याकाळी असेल तर दगड पाण्याखाली, बसचे पैसे वाया, मग काय, जा शँक्लिनला.

वडापाव_हॅम्पशायर
शेवटी आलेच शँक्लिनवर 😂