बातम्या बघणारे नव्हे, ऐकणारे कोण कोण आहात? अनुभव लिहा

कुंभार्लीकर
सकाळी लिफ्टची वाट बघत उभी होते तर वॉचमनकाकांच्या मोबाइलवर 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्, प्रवाचकः बलदेवानन्दसागरः'. कुणीतरी जुनं रेकॉर्डिंग पाठवलं होतं त्यांना. ऑफिसला पोचेपर्यंत डोक्यात तेच. आमच्याकडे ६.५५च्या संस्कृत बातम्यांचा अर्थ एकच, न्हाणीघर रिकामं करा.

पण मला लिहायचंय ते १९९०चं. काका कुवेतला होता. २ ऑगस्टला इराकी फौजा घुसल्या आणि फोन बंद, पत्र बंद. आजोबांनी मग रात्री बीबीसी हिंदी धरायला सुरुवात केली. शॉर्टवेव्ह, त्यामुळे आवाज मध्येच बुडायचा, परत वर यायचा. ते काटा केसभर सरकवायचे आणि मी शाळेचा नकाशासंग्रह मांडीवर घेऊन बसायचे. बसरा, बगदाद, अम्मान, पेन्सिलने रेघ मारलेली. लोक बसने बगदादमार्गे जॉर्डन गाठत होते आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं. आजी चिपळूणच्या पलीकडे फारशी गेलेली नाही, पण कुंभार्ली घाट चालू आहे का विचारावं तशी विचारायची, "आज जॉर्डनची हद्द उघडी आहे ना?" पावणेदोन लाखांच्या आसपास लोक आणले तेव्हा, आमचा काका त्यातलाच. तो आल्यावर कुठून कसा आला हे शेजाऱ्यांना आजीच सांगत होती, तो बिचारा नुसता चहा पीत बसलेला.

तुमचंही लिहा. पॉडकास्टवाले पण चालतील.

सुलूमावशी
अगं आजी भारी!! संस्कृत संपलं की पुण्याहून प्रादेशिक. "सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहे" ऐकू आलं की माझी पोळ्यांची कणीक मळून झालेलीच पाहिजे, नाहीतर यांचा डबा चुकला. घड्याळ बघायचेच नाही मी. बातमी काय होती विचाराल तर धरणात पाणी किती एवढंच लक्षात राहायचं. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

निफाडचा बागवान
जगाच्या बातम्यांशी शेतकऱ्याचा काय संबंध म्हणणाऱ्यांसाठी लिहितो.
आमची द्राक्षं युरोपला जातात, न्हावाशेवा बंदरावरून रॉटरडॅम. नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुती बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं, ते मी फवारणीची टाकी भरताना कानात ऐकलं. तेव्हा वाटलं असेल काहीतरी तिकडचं. नंतर रोज तेच. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, लाल समुद्र, सुएझ. हळूहळू ध्यानात आलं की हा आपलाच रस्ता आहे राव! माल तिथूनच जातो. डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, केप ऑफ गुड होपवरून. म्हणजे दीड-दोन आठवडे जादा. द्राक्ष काय लोखंड आहे का? कंटेनर थंड असला तरी देठ सुकतो, आणि तिकडचा गिऱ्हाईक आधी देठ बघतो, मग मणी. हिरवा देठ पाहिजे त्याला.
जानेवारीत व्यापारी बांधावर आला आणि लाल समुद्राचं नाव सांगून भाव पाडायला लागला. म्हटलं थांबा, भाडं वाढलंय ते मलाबी माहितीये, पण किती वाढलं, जादा दिवस किती लागतात, ते आधी सांगा, मग बोलू. तो बघतच राहिला. भाव काही फार वाढवून नाही दिला, पण चहा घेऊन बसला आणि नीट बोलला. पोरगं म्हणतं पप्पा तुम्ही हुतींचे प्रवक्ते झाले.

पेठेतला पामर
@बागवान दादा 😂 कांद्याचं पण लिहा

निफाडचा बागवान
कांद्याचं नाव काढू नको. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी सकाळी रेडिओवर ऐकली, तेव्हा पिकअप भरून दारात उभी. पिंपळगावला लिलाव बंद पाडले लोकांनी. मे मध्ये उठवली तर टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि वर ४० टक्के शुल्क. ती बातमी पोरगं वाचून दाखवत होतं, मी म्हटलं बंद कर.

पेठेतला पामर
मी स्पर्धा परीक्षावाला. रात्री सव्वानऊचं आकाशवाणीचं स्पॉटलाइट, मेसच्या रांगेत. आमच्या मेसमध्ये अर्धी पोरं एक कान उघडा ठेवून उभी असतात, तो भाजी संपली का ते ऐकायला. दोन माणसं एकमेकांना न तोडता बोलतात हेच आधी नवल वाटलेलं. एक निवृत्त राजदूत असायचे, 'दॅट सेड' म्हणून जे थांबायचे, रूममेट आता जेवताना पण तसा थांबतो. "आमटी चांगली आहे. दॅट सेड..."

सोलापुरी चादर
३१ ऑक्टोबर १९८४. मी बँकेत कॅशला. आमच्या शिपायाकडं ट्रान्झिस्टर होता, त्यानं दुपारी बीबीसी लावलं आणि इंदिराबाई गेल्याचं तिथं कळलं. आकाशवाणीवर मात्र संध्याकाळी सांगितलं. मधल्या वेळात मॅनेजर म्हणत होते अफवा आहे, काउंटर चालू ठेवा. आम्ही सगळे त्या शिपायाच्या तोंडाकडं बघत. त्या दिवसापासून त्याला बँकेत वेगळाच मान की वो. साहेबसुद्धा सकाळी विचारायचे, "काय म्हणतंय लंडन?"
३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह बंद झालं तेव्हा त्याला फोन केला होता. म्हणाला साहेब, आता ऐकू पण कमी येतं, बरं झालं.

गच्चीवरचा कावळा
तांब्याची जाळीदार पट्टी आठवते का कुणाला, एरियलची? भिंतीच्या या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत. आमच्याकडे आई तिच्यावर रुमाल वाळत घालायची आणि वडील ओरडायचे, रशिया गेला, रशिया गेला.

सुलूमावशी
@कावळा 🤣🤣 आणि लायसन! पोस्टात जाऊन रेडिओचे पैसे भरायचे. हल्लीच्या मुलांना खरंच वाटत नाही.

डोंबिवली फास्ट
मी जरा वेगळं लिहिते. नवरा मर्चंट नेव्हीत, सेकंड इंजिनियर. बागवानदादा, तुमची द्राक्षं ज्या जहाजावर असतात तशाच जहाजावर. त्या डिसेंबरात तो सुएझच्या बाजूने येणार होता. मी आधी कधी जगाच्या बातम्या ऐकत नव्हते, तेव्हा लोकलमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत ऐकायला लागले. हिंदी, मराठी, इंग्रजी, जे मिळेल ते. एकच घटना चार ठिकाणी ऐकली की चार जहाजं बुडाल्यासारखं व्हायचं. ठाण्याला ज्या जागी क्षेपणास्त्र पडलेलं असायचं ते मुलुंडला परत पडायचं.

शेवटी त्यानेच सांगितलं, दिवसातून एकदाच ऐक, सकाळी, आणि जहाजाचं नाव, झेंडा, मालक कोण एवढं लक्ष देऊन ऐक. कारण सुरुवातीला हुती इस्रायलशी संबंध आहे म्हणून जहाजं निवडत होते, नंतर ब्रिटिश-अमेरिकन, आणि पुढे तर काय जुनी माहिती धरूनही हल्ले झाले. हे कळल्यावर भीती गेली नाही, पण निदान कशाची भीती वाटतेय ते तरी कळलं. त्यांचं जहाज शेवटी आफ्रिकेला वळून आलं, घरी यायला उशीर झाला, साखरपुडा हुकला नणंदेचा. सासूबाई अजून हुतींवर रागावलेल्या आहेत, साखरपुड्यासाठी.

गॅलेक्सी लीडरवरची २५ माणसं जानेवारी २०२५ ला सुटली, चौदा महिन्यांनी. ती बातमी मी उभ्याने ऐकली, कुर्ल्याला, आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितली. तिने विचारलं, कोण लागतात तुमचे?

कुंभार्लीकर
@डोंबिवली 🫂

गच्चीवरचा कावळा
साखरपुडा 😅 पण खरंय, सारखं ऐकण्यात अर्थ नाही. मी टीव्हीवरची चर्चा बंद केली, आठ खिडक्या आणि आठही उघड्या.

लातूरचा बाळ्या
सोयाबीनवाले हजर. एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं पामतेल निर्यात बंद केली, तीन-साडेतीन आठवडे. रेडिओवर ऐकून भाऊ म्हणाला इंडोनेशिया कुठं आन् आपण कुठं. मी म्हटलं तेल महागलं तर सोयाबीनला उठाव येतो, थांबू. तो थांबला नाही. पुढचं घरगुती आहे, लिहीत नाही.

सायली र
कुणी चांगलं मराठी सुचवा ना ऐकायला, जगाचं, पण रोजची फुटकळ नको, एक विषय नीट समजावणारं. मी शेंगदाण्याचं कूट करताना ऐकते त्यामुळे आवाज मोठा पाहिजे.

पेठेतला पामर
@सायली बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची'. एक प्रश्न घेतात आणि त्यातल्या जाणकारांना विचारत जातात. रोजचं हवं असेल तर त्यांचंच 'सोपी गोष्ट'. स्पीड दीडपट करू नका, देशांची नावं निसटतात. आणि कूट खलबत्त्यात करा, मिक्सरपुढे कुठलंच पॉडकास्ट टिकत नाही.

सायली र
खलबत्ता?? तू येतोस का कुटायला

पेठेतला पामर
मेसच्या जेवणाच्या बदल्यात कुठेही येतो.

सुलूमावशी
कूट जाडसर ठेवा हो, मिक्सर थांबत थांबत फिरवा. आणि बागवान भाऊ, तुमची निर्यातीची द्राक्षं पुण्यात मिळतात का कुठे?

निफाडचा बागवान
मावशी आत्ता गोडी छाटणी चालू आहे, फेब्रुवारीत विचारा. पाच किलोची पेटी पाठवतो, देठ हिरवा.