‘आवाज ड्रायव्हरमधून येतो, गादीतून नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

अर्धास्वर
काल ‘पहिला चांगला हेडफोन कुठला घ्यावा’ या साध्या चर्चेत झिरोडीबी जाता जाता एक पिंक टाकून गेले: "ज्यांना ईक्यू वापरता येत नाही ते पॅड बदलत बसतात. आवाज ड्रायव्हरमधून येतो, गादीतून नाही. बाकी मनाचे खेळ." (नवख्यांसाठी: ड्रायव्हर म्हणजे हेडफोनमधला आवाज काढणारा भाग, पॅड म्हणजे कानाभोवतीची गादी, ईक्यू म्हणजे सॉफ्टवेअरमधून आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणं.) रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून वेगळा धागा. लांब होणार आहे, आधीच सांगतो.

साहेब, आवाज ड्रायव्हरमधून येतो हे मान्य, पण ड्रायव्हर आणि कानाच्या मधली हवा कोण धरून ठेवतं? बंद हेडफोनमध्ये बेस त्या कोंडलेल्या हवेच्या दाबावर उभा असतो. खोटं वाटत असेल तर गाणं चालू असताना पॅडखाली एक बोट सरकवा आणि बेस कुठे गेला ते शोधा. प्रोटीन लेदर म्हणजे कृत्रिम चामडं हवा धरतं, मखमलीसारख्या वेलोरमधून ती झिरपते, मग पॅड बदलला की बेस बदलणारच ना, यात मन कुठून आलं? आणि वरच्या पट्टीत तर आणखीच गंमत. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. पॅडची खोली दोन सेंटीमीटर धरा. म्हणजे पॅड चार-पाच मिलिमीटरने जाड झाला तरी ट्रेबलमधले उंचवटे-खड्डे सगळे सरकतात.

मी फॉस्टेक्सचा टी५०आरपी हेडफोन उघडून तीन महिने खेळलोय. कपात क्ले थापली, मागे कापूस भरला, छिद्रांवर फेल्ट लावून बघितलं, काढून बघितलं. आणि शेवटी सगळ्यात मोठा फरक कशाने पडला तर पॅडने. याच टी५०आरपीत फेरफार करून विकता विकता डॅन क्लार्कची अख्खी हेडफोन कंपनी उभी राहिली. तेही मनाचे खेळच का?

झिरोडीबी
‘बदलतो’ आणि ‘सुधारतो’ या दोन शब्दांत फरक असतो. आवाज बदलतो, कोण नाही म्हणतंय? हेडफोनवर रुमाल टाकला तरी बदलतो. माझा आक्षेप ‘सुधारतो’ला आहे. इंजिनिअरने तो ड्रायव्हर ठरावीक पॅडसकट ट्यून केलेला असतो, तुम्ही कोणीतरी शिवलेला, कोणीही न मोजलेला पॅड चढवता आणि म्हणता ‘साउंडस्टेज उघडला’, म्हणजे आवाज ऐसपैस पसरला. ईक्यूमध्ये मला कळतं की ३ किलोहर्ट्झला दोन डीबी कमी केले. आवडलं नाही तर एका क्लिकमध्ये परत. पॅडमध्ये काय कळतं? जुना काढून नवा बसवेपर्यंत दोन मिनिटं जातात, तेवढ्यात कान आधीचा आवाज विसरलेले असतात.

आणि हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि मंडळींनी २०१३ मध्ये काय केलं ते वाचलंय का? वेगवेगळे हेडफोन डोक्यावर चढवले की लोकांना स्पर्शावरूनच ओळखू येतात, म्हणून त्यांनी एकाच हेडफोनवर ईक्यू लावून बाकीच्यांची नक्कल ऐकवली. ईक्यूने नक्कल करता येते म्हणूनच ना!

कानफाट्या
दोन मिनिटांत मी हेडफोन कुठे ठेवला तेही विसरतो. चालू द्या.

सोल्डरधूर
पॅड सोडा हो, तो आतला उद्योग कोणीही करू नका अशी हात जोडून विनंती. मी बॅफलवर, म्हणजे ड्रायव्हर बसवलेल्या तबकडीवर, ब्लू टॅक (चिकट पुट्टी) लावायला म्हणून हेडफोन उघडला, हातात स्टीलचा चिमटा. ड्रायव्हरच्या चुंबकाने तो असा खेचला की टोक थेट पडद्यात. टचकन आवाज आला, तो अजून आठवतो. त्या ड्रायव्हरने काढलेला तो शेवटचा आवाज. कॉइलच्या तारा केसाएवढ्या असतात, त्यांना नुसता धक्का लागला तरी खेळ खलास. तेव्हापासून प्लास्टिकचा चिमटा, आणि उघडायच्या आधी ड्रायव्हरवर टेप.

आणि मूळ राग वेगळाच आहे, हल्ली पॅड चिकटवून देतात त्याचा. झिजणारी वस्तू चिकटवायची कशाला? ओढून काढला तर बॅफलचा तुकडा हातात. यावर कोणी बोलणार आहे का?

मध्यसप्तक
मी दिवसाचे आठ तास रेकॉर्ड केलेले संवाद साफ करते, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. जुन्या पॅडचे काळे पोपडे गालाला, मानेला, कीबोर्डवर. एकदा तर मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं की चेहऱ्यावर काय लागलंय. वैतागून स्वस्तातले पॅड मागवले, मऊ होते, खूष झाले. महिनाभराने दोन जणांनी वेगवेगळं येऊन सांगितलं की हल्ली तुझ्या कामात सगळ्यांची तोंडं झाकल्यासारखी वाटतात. झालं असं की नव्या पॅडमध्ये ‘स’ आणि ‘श’ टोचत होते, म्हणून मी ते हळूहळू दाबत गेले होते, मला पत्ताही नाही. महिन्याचं काम परत उघडावं लागलं.

त्यामुळे अर्धास्वर, फरक पडतो हे माझ्याइतकं कोणी शिकलं नसेल. पण ‘सुधारला’ हे मीसुद्धा पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

झिरोडीबी
मध्यसप्तक यांनी माझीच बाजू मांडली, आभारी आहे.

मध्यसप्तक
तुमची नाही मांडली. तुम्ही मनाचे खेळ म्हणाला होतात. मन माझ्या फाइलमध्ये ‘स’ दाबत नव्हतं, पॅड दाबायला लावत होता.

जाडभिंगी
एवढे सगळे बोललात आणि चष्म्याचं नाव नाही कोणाच्या तोंडी. अहो, काडी पॅडखालून जाते तिथे फट राहते. अर्धास्वर बोट सरकवायला सांगतात, आमचं बोट कायम सरकवलेलंच असतं! पंधरा वर्षं मी बेस नसलेलं संगीत ऐकलं आणि समजत होतो की रेकॉर्डिंगच तसं आहे. मेमरी फोमचे जाड, मऊ पॅड लावले, काडी फोममध्ये रुतली आणि पहिल्यांदा डबल बास काय असतो ते कळलं. मला ‘सुधारतो’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

झिरोडीबी
लेन्स वापरा. नाहीतर ईक्यूमध्ये बेस वाढवा, सोपं आहे.

जाडभिंगी
हेडफोनसाठी डोळ्यात बोट घालू? कमाल आहे. ज्याला चष्मा नाही त्यानेच असले सल्ले द्यावेत. आणि तुम्ही ईक्यूवाले ज्यावर विसंबता तो हेडफोनच्या आवाजाचा लाडका ग्राफ ज्या पुतळ्याच्या कानात मोजतात ना, तो पुतळा टकला, बिनदाढीचा आणि बिनचष्म्याचा असतो. तो ग्राफ त्याला लखलाभ.

अर्धास्वर
+१. आणि ईक्यूने गळती भरायची म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणं. १० डीबी वाढवायचे म्हणजे दहापट पॉवर, ड्रायव्हर धापा टाकायला लागतो, आणि फट जिथल्या तिथे. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त गळती असेल तर काय करणार, दोन्ही कानांना वेगळा ईक्यू? मग मान वळवली की तिसरा?

झिरोडीबी
हो, वेगळा ईक्यू लावता येतो. तुम्हाला माहीत नसेल.

कानफाट्या
चष्मेवाल्यांचं ठीक आहे, जाड केसवाल्यांचं काय? झुपक्यावर पॅड बसतो, खाली जंगल. मी एका बाजूला केस कापले, बेस आला. घरच्यांना कारण सांगितलं नाही.

सोल्डरधूर
काडीवर प्रयोग केलाय मी. जाड प्लास्टिकची फ्रेम सगळ्यात वाईट, पातळ धातूची बरी. वेलोर पॅडवर चष्म्याने कमी फरक पडतो, कारण तो आधीच गळत असतो. बाकी पॅड चिकटवण्याबद्दल कोणीच बोललं नाही, असो.

जाडभिंगी
धातूची म्हणजे टायटॅनियमवाली का? ती काडी सपाट होती की गोल? सपाट उभी असेल तर फट कमी पडायला हवी.

अर्धास्वर
अहो विषय पॅडचा आहे. झिरोडीबी, एकच प्रश्न: तुम्ही नेटवरून उतरवलेलं ईक्यू प्रोफाइल, म्हणजे त्या हेडफोनसाठी तयार केलेली ईक्यूची सेटिंग, वापरता ना? ते नव्या पॅडवर मोजलेलं असणार. तुमचे पॅड किती वर्षांचे? सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन वापरणाऱ्यांना विचारा, पॅड दबून चपटे झाले की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाज बदलतो, म्हणून लोक तेच ओरिजिनल पॅड पुन्हा घेतात. म्हणजे आज तुम्ही जे दुरुस्त करताय तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नाहीच.

एक मात्र माझ्या बाजूने मान्य करतो, म्हणजे नंतर कोणी तोंडावर मारायला नको. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या हेडफोनना बाहेरचे पॅड लावू नका. आतला माइक पॅडसकट बेतलेला असतो. मी लावले, तर घरघर आधीपेक्षा जास्त ऐकू यायला लागली आणि जबडा हलवला की कानात फडफड. गुपचूप जुने परत बसवले.

झिरोडीबी
‘गुपचूप’ वाचून बरं वाटलं.

माझे पॅड सहा वर्षांचे आहेत. तुमच्या आग्रहाखातर, आणि तोंड बंद व्हावं म्हणून, कंपनीचेच नवे घेऊन बसवले. तेच प्रोफाइल आता जास्त बरोबर लागतंय असं म्हणता येईल. पण हा *बदल* नाही, ही देखभाल झाली. दोन्हींत गल्लत नको.

अर्धास्वर
वा! म्हणजे गादीची देखभाल केली की ड्रायव्हर सुधारतो. नोंद घेतली.

झिरोडीबी
जाडभिंगी यांच्यासाठी अजून एक. काल बायकोचा चष्मा घालून साइन स्वीप (खालून वरपर्यंत सरकत जाणारा एकच सूर) वाजवला. नंबरामुळे डोकं गरगरलं, म्हणून डोळे मिटून ऐकलं. ४० हर्ट्झ जवळजवळ गायब, उजवीकडे जास्तच. लेन्सबद्दलचं वाक्य मागे घेतो. ईक्यूबद्दलचं नाही.

जाडभिंगी
गायब ना? पंधरा वर्षं, साहेब! बरं, वहिनींच्या फ्रेमची काडी किती जाड आहे? माझी चार मिमी.

झिरोडीबी
प्लास्टिकची आहे. त्या झोपल्यात, उद्या मोजून सांगतो.