इन्स्टंट पॉटमधलं दही
कुणीतरी म्हटलंय की ही सगळी नव्याची नवलाई, महिन्याभरात इन्स्टंट पॉट (विजेवर चालणारा प्रेशर कुकर) माळ्यावर जाणार. नुसत्या वरणभातासाठी घेतला असेल तर जाईलही, त्याला आपला शिट्टीचा कुकर बास आहे. पण इकडे मिनेसोटाच्या थंडीत विरजण लागता लागत नाही, तिथे त्याच्या योगर्ट मोडला, म्हणजे दही लावायच्या सेटिंगला, तोड नाही. दूध तापवून बोटाला सोसेल इतपत कोमट झालं की चमचाभर विरजण ढवळायचं नि आठ तास लावून खुशाल झोपायचं, सकाळी अगदी सुरीने कापावं असं दही, फडक्यात टांगलं की चक्का तयार. फक्त दह्यासाठी झाकणाची सिलिकॉनची रिंग वेगळी ठेवा, रश्श्याचा वास ती धरून बसते, कितीही घासा, मग श्रीखंडाला लसणाचा वास! आणि हो, योगर्टचं बटण सगळ्याच मॉडेलना नसतं, घेताना बघून घ्या.